उजव्या हातात बसणारा ग्लोज

परवा संध्याकाळी पार्सल आलं. कात्री शोधण्याइतका धीर नव्हता, किल्लीच्या टोकानंच चिकटपट्टी फाडली. खोका उघडताच नव्या चामड्याचा वास आला आणि त्या वासासोबत मागच्या वर्षीचा अख्खा ऑक्टोबर खोलीत शिरला. आत बेसबॉलचा ग्लोज होता. तपकिरी, कडक, बोटांच्या मधल्या वाद्या अजून एकमेकींना चिकटलेल्या. मी माझा उजवा हात आत घातला. अंगठ्याच्या जागी करंगळीची जागा आली. काढला आणि डावा हात घातला. तो चपखल बसला.

मी तशीच फरशीवर बसून राहिले. माझी धाकटी बहीण वैशू दारात उभी राहून शाळेचे बूट काढत होती.

"कोणता आला?" तिनं विचारलं.

मी ग्लोज घातलेला डावा हात वर केला.

"डाव्याच हाताचा ना? मला वाटलंच होतं," ती म्हणाली आणि मोजे झटकून आत गेली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. बेसबॉलमध्ये ज्या हातानं चेंडू फेकायचा तो मोकळा ठेवतात आणि चेंडू झेलायला ग्लोज दुसऱ्या हातात घालतात. बहुतेक जण उजव्या हातानं फेकतात, म्हणून बहुतेक ग्लोज डाव्या हाताचे असतात. वैशू डाव्या हातानं फेकते. तिला उजव्या हातात बसणारा पाहिजे. एवढंच आहे सगळं. पण एवढ्या गोष्टीसाठी मी एक वर्ष या शहरात वणवण केली. या वेळी मागवताना फोनवरचा पर्याय तीनदा वाचला होता, त्याचा फोटोही काढून ठेवला होता. तरी डाव्याच हाताचा आला. फोन लावला तर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "बदलून मिळेल मॅडम, आठ ते दहा दिवस लागतील." निवड चाचणी येत्या रविवारी आहे. वैशू दहावीत आहे. शाळेच्या संघातून खेळायचं हे तिचं शेवटचं वर्ष.

आमच्याकडं चिकलठाण्याला ऑक्टोबर असा एकदम येत नाही. आधी विमानतळाच्या भिंतीकडचं गवत वरून पिवळं पडत जातं. मग जालना रोडची धूळ परत उडायला लागते. कंपनीचा भोंगा पावसात ओला, दबका वाटायचा तो पुन्हा कोरडा आणि जवळचा वाटतो. दुपारचं ऊन डोळ्यांत जातं. झेंडूच्या टोपल्या दिसायला लागतात, सहामाहीचं वेळापत्रक लागतं आणि शाळाशाळांच्या मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडतात. मला हे दिवस आवडायचे. आता ते आले की मला उगीच अपराध्यासारखं वाटतं आणि मग रागही येतो. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही.

मागच्या वर्षी अशाच एका दुपारी वैशू घरी येऊन म्हणाली, "सरांनी मला बेसबॉलमध्ये घेतलं. पण शाळेत ग्लोज कमी हेत. आणता येत असंल त्यानं आपला आणायचा, नायतर नंबर येईपर्यंत बसायचं."

पप्पा कंपनीतून नुकते आले होते. ते लेथवर काम करतात, आल्यावर बराच वेळ नखांतलं काळं काढत बसतात. ते म्हणाले, "बेसबॉल म्हणजे ते अमेरिकेतलं? इथं कोण खेळतं?"

"लई जण खेळतेत पप्पा. जिल्ह्याचे सामने असतेत."

"असंल. मला नाय कळत त्यातलं. ताईला विचार. ती कॉलेजात आहे."

आमच्या घरात हे वाक्य मी रोज ऐकते. रेशन कार्डाचा फॉर्म, गॅसचा नंबर, आत्याच्या गुडघ्याच्या गोळ्या, सगळं ताईला विचार. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळं जगातलं सगळं मला माहीत असतं असा घरच्यांचा समज आहे आणि तो मोडायची माझी हिंमत होत नाही. मला बेसबॉलमधलं काहीच कळत नव्हतं. पण मी म्हणाले, "बघते मी."

आणि मी खरंच बघितलं. चार दिवस बी.एस्सी.चा अभ्यास बाजूला ठेवून ग्लोजचा अभ्यास केला. फोनवर परदेशातले लोक मोठमोठ्यानं बोलत ग्लोज दाखवायचे, मी आवाज कमी करून वहीत टिपून घ्यायचे. नवशिक्या मुलीला फार मोठा नको, हात थकतो. फार लहान नको, चेंडू निसटतो. चामडं अगदी मऊ असलं तर लवकर ढिलं पडतं, अगदी कडक असलं तर नवशिक्याला मिटता येत नाही. मी वैशूचा तळवा मोजला, मनगट मोजलं, बोटांची लांबी मोजली. वहीचं एक पान भरलं. एवढं सगळं लिहिलं आणि फेकायचा हात कोणता, हे कुठंच लिहिलं नाही. ते विचारायची गोष्ट आहे असं माझ्या मनातच आलं नाही.

गुलमंडीजवळच्या एका दुकानात आम्ही दोघी गेलो. दुकानदार म्हातारे होते, सगळे त्यांना चाचा म्हणत होते. वर कॅरमचे बोर्ड, खाली बॅटींचा ढीग आणि मधे एका दोरीवर धूळ बसलेले चार-पाच ग्लोज. मी वही काढून मनगटाचं माप वाचायला लागले तसे चाचा हसले.

"बेटा, ग्लोज लेने आई के चूडियाँ?"

वैशू खुदकन हसली. मी कान तापलेले घेऊन पुढचं माप वाचलं.

"साडेग्यारा इंच का लो," त्यांनी एक काढून फडक्यानं पुसला. "पयला पयला हात है, इससे बडा नक्को. राइटी है ना?"

"लिहिते उजव्या हातानं," मी म्हणाले.

"ताई..." वैशू म्हणाली.

"थांब गं. मला विचारू दे आधी." मग मी चाचांना चामडं मऊ कसं करायचं ते विचारलं.

ती थांबली. त्या दुपारी मी तिला पुढं बोलू दिलं असतं तर? हा प्रश्न मी वर्षभर चघळला आहे. पण तिनंही पुन्हा तोंड उघडलं नाही, याचा मला जास्त राग येतो. आणि ती का थांबली हे मला माहीत आहे, त्यामुळं तो राग धड रागही राहत नाही.

ग्लोज लाकडासारखा कडक होता. मी त्याला खोबरेल तेल चोळलं, मधे चेंडू ठेवला, आईच्या जुन्या साडीच्या काठानं घट्ट बांधला आणि गादीखाली सरकवला.

"काय गं, अंडं उबवायला ठेवलंय का?" आई म्हणाली.

खंडेनवमीला पप्पांनी नेहमीसारखा पाट मांडला. त्यावर त्यांचे पाने, आईची शिवणाची कात्री, माझी रसायनशास्त्राची पुस्तकं. आईनं गादीखालून ग्लोज काढला, काठ सोडला आणि तोही पाटावर ठेवला. "पोरीचं हत्यार हे," म्हणाली. हळदीकुंकवाची बोटं लावली, झेंडूचं एक फूल मधल्या खळग्यात ठेवलं. तेल पिऊन गडद झालेल्या चामड्यात कुंकू लगेच भिनलं. मला तेव्हा फार छान वाटलं होतं. वाटलं, घरात माझ्यामुळं काहीतरी नवं आलं आणि ते बरोबर आलं.

दसऱ्यानंतर मी मुद्दाम सराव बघायला गेले. मैदानाच्या एका अंगाला गाजरगवत माजलं होतं, त्यापलीकडं विमानतळाची भिंत. वैशूनं ग्लोज डाव्या हातात घातला होता आणि उजव्या हातानं फेकत होती. तिचा चेंडू अर्ध्यातच पडायचा. पडून दोनदा उडायचा आणि समोरच्या मुलीच्या पायाशी जाऊन थांबायचा.

"वैष्णवे, कुरिअरनं पाठवायली का?" पोरी ओरडत होत्या. "पोचंल का दिवाळीपर्यंत?"

ती हसत होती, पण तिचे कान लाल झाले होते. आम्हा दोघींचे कान सारखे आहेत. मला वाटलं, ग्लोज जड झाला असेल. तेल जास्त झालं का? कुठल्या तरी व्हिडिओत तेल लावू नका असंही म्हटलं होतं.

तेवढ्यात कुणाचा तरी चेंडू गाजरगवतात गेला. वैशू धावली. शोधायला अडचण नको म्हणून तिनं ग्लोज काढून काखेत धरला, वाकली, चेंडू उचलला आणि तिथूनच फेकला. काही विचार न करता, कुत्र्याला हाकलायला दगड मारावा तसा. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून सरळ रेषेत आला आणि सरांच्या मागच्या जाळीवर आदळला. जाळी बराच वेळ हलत राहिली.

सरांनी चेंडू तिच्याकडं परत टोलवला. "पुन्हा टाक. तसाच."

तिनं पुन्हा टाकला. डाव्या हातानं.

"ए पोरी, तू डावखुरी आहेस का?" सरांनी विचारलं.

वैशूनं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "होते सर. लहानपणी ताईनं सोडवलं."

कुठलं व्यसन सोडवावं तसं ती ते म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. कौतुकच होतं बहुतेक.

तेव्हा आम्ही गावी, पिशोरला राहायचो. आई-पप्पा कापूस वेचायला जायचे. मी आठ-नऊ वर्षांची आणि वैशू तीनची, दिवसभर माझ्या ताब्यात. ती भाकरी डाव्या हातानं घ्यायची, प्रसाद डाव्या हातानं, पाटीवर रेघा डाव्या हातानं. येणारं-जाणारं माणूस बोलायचं. आई एक दिवस मला म्हणाली, "तिचा तो हात सोडव बाई. शाळेत बाई मारतीन. पुढं सासरचे बोलतीन." मी ते काम मनावर घेतलं. मी सगळीच कामं मनावर घेते. पप्पांचा एक लोकरीचा मोजा होता, निळा, अंगठ्याजवळ फाटलेला. सकाळी आई गेली की तो मी वैशूच्या डाव्या हातावर चढवायचे आणि मनगटाशी सुतळीनं बांधायचे. आधी तिला तो खेळ वाटला. फाटक्या भोकातून एक बोट बाहेर काढून ती मला हसवायची. मग दातांनी ओढायला लागली. मग रडायला. मोज्याच्या हातानं भाकरी उचलायला गेली की लोकरीला तुकडे चिकटायचे आणि मी त्या हातावर चापट मारायचे. फार जोरात नाही. पण दर वेळी.

पुढं पुढं चापट लागेना. मी नुसतं बघितलं तरी तिचा डावा हात मधेच थांबायचा आणि खाली जायचा. एक दिवस मी मोजा बांधायला विसरले आणि तिनं आपण होऊन उजव्या हातानं पेरूची फोड घेतली. मी धावत सगळ्यांना बोलावून आणलं. आत्या म्हणाली, "काय वळण लावलं गं पोरीनं! ही मास्तरीण व्हईल बघ." मला एक पेढा मिळाला. मला शिक्षिका व्हायचं आहे ते त्या दिवसापासून. आजही कुणी विचारलं की मी असंच सांगते, फक्त मोज्याचं सांगत नाही.

सराव संपल्यावर मी तशीच ग्लोज घेऊन गुलमंडीला गेले. चाचांनी तो हातात घेतला, वास घेतला, कुंकवावरून बोट फिरवलं.

"तेल बी लगाए, पूजा बी करे. ये तो अब तुमारा देव हो गया बेटा. देव वापस लेऊं क्या मैं?"

"मग उजव्या हाताचा तरी दाखवा. घेऊन जाते."

"वो कोई पूछताच नै. एक पीस कंपनी भेजती नै. रखा तो पडा रैता."

उस्मानपुऱ्यात दोन दुकानं पाहिली. एकानं क्रिकेटमधल्या डावखुऱ्या फलंदाजाचे हातमोजे आणून समोर ठेवले. दुसऱ्यानं मला समजावून सांगितलं की ग्लोज डाव्याच हाताचा असतो, तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलंय. मी रस्त्यावर उभी राहून इतकी चिडले की डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोठं शहर. एवढ्या शाळा, एवढी पोरं. आणि डावखुऱ्यांचं कुणी विचारतच नाही म्हणे. मग परत येताना रिक्षात डोक्यात आलं, की विचारणार तरी कोण? शहरात ती पोरं नाहीत असं कसं होईल. त्यांच्याही घरी कुणीतरी ताई असणार. एखादा मोजा असणार.

मागच्या वर्षीची निवड चाचणी वैशूनं तोच ग्लोज उलटा घालून दिली. उजव्या हातात, करंगळीच्या जागी अंगठा कोंबून. पण खळगा उलट्या बाजूला जायचा. चेंडू यायचा, आत बसायचा आणि तिनं मिटायच्या आत घरंगळून बाहेर पडायचा. डाव्या हाताची फेक लांब जायची, पण उशिरा सुटायची. सर मला म्हणाले, "जोर लई आहे हिच्यात. पण हात आधी परवानगी मागतो, मग टाकतो. तेवढ्यात समोरची बेसवर पोचून जाती." तिला राखीव ठेवलं. सगळे सामने तिनं पाण्याच्या बाटल्यांजवळ बसून पाहिले, मांडीवर ग्लोज ठेवून. मी एकाच सामन्याला गेले. पुन्हा जाववलं नाही.

"तुला राग कसा येत नाही?" मी तिला घरी विचारलं होतं.

"येऊन काय व्हतंय?"

"माझ्यावर तरी काढ."

"तू काय मुद्दाम केलं का," ती म्हणाली आणि वहीत समास आखायला लागली. उजव्या हातानं. तिचं अक्षर सुंदर आहे. तेही मीच वळवलेलं.

वर्ष गेलं. मी शिकवण्या घेतल्या, त्यातून नवा ग्लोज मागवायचं ठरवलं. आणि मधल्या काळात मी सुधारले असं म्हणावं, तर तेही खरं नाही. यंदा गणपतीत आरतीनंतर वैशूनं मोदक घ्यायला डावा हात पुढं केला. मी काही बोलले नाही, शपथेवर सांगते. पण माझी नजर गेली. तिचा हात हवेत थांबला आणि खाली गेला, उजवा वर आला. मोदक वाटणाऱ्या काकूंना काही कळलंसुद्धा नाही. मी मात्र माझा मोदक तसाच ताटलीत ठेवला. चांगल्या मुलीसारखी एक गोष्ट शिकवली आणि ती इतकी पक्की बसली की आता माझ्यानंच निघत नाही.

तर परवा ते पार्सल आलं आणि मी फरशीवर बसून त्या गोड आवाजाच्या मुलीशी भांडत होते. फोन ठेवला तेव्हा वैशू कपडे बदलून समोर उभी होती. काखेत जुना ग्लोज, शिवणीत अजून कुंकवाची लाल रेघ.

"चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"मैदानावर. तो नवा घाल."

"मी? अगं, तो परत पाठवायचाय. मळला तर घेणार नाहीत."

"तुझ्या हातात बसला ना? मग राहू दे. मला टाकायला माणूस पाहिजे. सर म्हणतेत, हात सुटला की झेल बी जमंल. भिंतीवर टाकून टाकून चेंडूची शिवण उसवली माझी."

"मला झेलता येत नाही वैशे."

"मला तरी कुठं येतं," ती म्हणाली.

ऊन उतरलं होतं. भिंतीपलीकडं एक विमान चाकं काढून खाली येत होतं आणि त्याच्या आवाजात वैशू काहीतरी ओरडत होती. विमान टेकल्यावर ऐकू आलं, "तोंडापुढं नको धरू! दिसंना गेलं तर नाकावर बसंल." मी ग्लोज छातीशी आणला. पहिला चेंडू माझ्या बाजूनं गाजरगवतात गेला. दुसराही. मी आणायला गेले, ओढणीभर पांढरी फुलं चिकटवून आले. मी परत टाकलेला चेंडू तिच्यापर्यंत पोचत नव्हता. "कुरिअर," ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. रविवारला तीन दिवस उरले होते आणि आम्ही दोघी चुकीचे ग्लोज घालून उभ्या होतो.

मग मला ते दिसलं. चेंडू घेऊन तिचा डावा हात मागं जायचा, वर यायचा आणि सुटायच्या आधी एक क्षण थांबायचा. सरांनी सांगितलेलं हेच. पण सरांना त्यामागचं दिसत नव्हतं. त्या क्षणात ती ग्लोजकडं बघत नव्हती. माझ्या तोंडाकडं बघत होती.

"माझ्याकडं बघू नको," मी ओरडले.

"मग कुठं बघू?"

"ग्लोजकडं. मी नाहीच इथं असं समज. टाक."

तिनं चेंडू हातात फिरवून नीट धरला. मी ग्लोज बाजूला धरला, माझ्यापासून लांब, आणि मान फिरवून भिंतीकडं बघत राहिले. भिंतीवर दोन साळुंक्या बसल्या होत्या. मी मनात मोजायला लागले. एकच अंक झाला असेल.

फाट्दिशी आवाज आला. तळव्यातून कोपरापर्यंत कळ गेली, बोटं झणझणली. साळुंक्या उडाल्या. चेंडू ग्लोजमध्ये होता.

"हळू की गं!" माझ्या तोंडून गेलं.

"नाय," वैशू म्हणाली.

मी चेंडू तिच्याकडं टाकला. तो अर्ध्यातच पडला, तिनं पुढं येऊन उचलला. मी हात झटकला, ग्लोज पुन्हा बाजूला धरला आणि तोंड भिंतीकडं केलं.